पाण्याखालची पाणंद

बिद्रीत स्वतःची बोट बाळगणारा माणूस उन्हाळाभर चेष्टेचा विषय असतो. इथं दारात ट्रॅक्टर असतो, गोठ्यात चार म्हशी असतात, कपाटात दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला असतो. बोट कशाला पाहिजे? एप्रिलमध्ये धरणातून आवर्तन सुटलेलं नसलं की पोरं गुडघाभर पाण्यातून दूधगंगेच्या पलीकडं जाऊन येतात. माझी बोट तेव्हा खोपीत पालथी पडलेली असते, तिच्यावर पाचट, पाचटावर कोंबड्या. येणारा-जाणारा विचारतो, "काय मर्दा, गोव्याला कवा निघालाईस?" मी म्हणतो, "तू तिकीट काढलंस की लगीच."

मिरीग निघाला की ही चेष्टा कमी होते आणि पुष्याचा म्हातारा पाऊस लागला की बंदच पडते.

बोट मी हौसेनं घेतलेली नाही. मी एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलवर मोटारी चालवतो. आठ महिने काम असतं ते स्टार्टर, व्हॉल्व्हची गळती, लाइट कधी जाणार-कधी येणार आणि पाटकऱ्यांची भांडणं. पावसाळ्यात पंप बंद. मग काम उरतं एकच, पुराच्या आधी मोटारी वर घेणं, पॅनेल सोडवणं, आणि जे राहून गेलं ते पुरात जाऊन आणणं. संस्थेच्या मोटारी पक्क्या जॅकवेलमध्ये असतात, चेनकुप्पीनं वरच्या मजल्यावर ओढता येतात. काठावरच्या शेतकऱ्यांच्या खासगी मोटारींचं तसं नाही. त्या दरडीला, मळीत, कुठं आंब्याच्या बुंध्याला बांधलेल्या. पहिला पूर येऊन गेला, उघडीप पडली, की लोक परत मोटार खाली सोडतात. उसाला पाणी नको असलं तरी सोडतात, कारण वर ठेवली तर चोरीची भीती. आणि मग एका रात्रीत पाणी चढतं. पहाटे फोन वाजतो, "आण्णा, तेवढी मोटार काढता आली तर बघा की."

ते 'बघा की' बघण्यासाठी बोट घेतली. मालवणकडची जुनी फायबरची, चौदा फुटी, फोंडा घाटातून टेम्पोवर चढवून आणलेली. मागं 9.9 अश्वशक्तीचं आउटबोर्ड मशीन. विकणाऱ्यानं विचारलं होतं, तुमच्याकडं कुठला समुद्र? मी सांगितलं, वर्षातनं आठ-पंधरा दिवस असतो.

बोट नव्हती तेव्हाही लोक पुरात जात होतेच. आमच्या भागात गुऱ्हाळं मायंदाळ, त्यामुळं काहिली मायंदाळ. रस आटवायची ती लोखंडी काहील, माणूस आडवा झोपेल एवढी, दोघा-चौघांनी उचलून पाण्यात सोडायची, आत बायका-पोरं बसवायची आणि बाहेरून पोहणाऱ्यांनी कडा धरून ढकलत न्यायची. तिला पुढं नाही, मागं नाही, त्यामुळं ती गरगर फिरते, आणि धारेत सापडली तर फिरता फिरता कुठं जाईल याचा नेम नाही. तरी तिनं कितीजणांना बाहेर काढलं. माझे वडील काहिलीत बसून पलीकडच्या गावाला पाहुण्याच्या मयताला गेल्याचं सांगायचे, आणि सांगताना मयत कुणाचं होतं हे विसरायचे, काहील किती वेळा फिरली ते विसरायचे नाहीत.

आता नदीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दूधगंगा सह्याद्रीतून येते, काळम्मावाडीच्या धरणात अडते, तिथून राधानगरी तालुक्यातून खाली बिद्रीकडं आणि पुढं कागलकडं जाते. धरण 25.39 टीएमसीचं. मुदाळ तिट्ट्याच्या पलीकडच्या अंगाला वेदगंगा, तिच्यावर पाटगावचं धरण. दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही. दोन्हींवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दूधगंगेवर बाचणी, सिद्धनेर्ली, सुळकूड, दत्तवाड. वेदगंगेवर निळपण, वाघापूर, कुरणी, बस्तवडे, चिखली. पावसाळ्यात रोज सकाळी प्रशासनाची बातमी येते, अमुक बंधारे पाण्याखाली, आणि या नावांची माळ त्यात ठरलेली असते. पाऊस वाढला की वेदगंगा मुरगूडजवळ निपाणी-राधानगरी रस्त्यावर येते. दूधगंगा पात्र सोडून मळीत शिरते. मग बिद्री हे गाव राहत नाही, थांबा होतो. पुढं कुठं जाता येईल ते पाण्याला विचारून ठरतं.

बातमीत कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी असते, राजाराम बंधाऱ्यापाशी किती फूट. इशारा पातळी 39, धोका पातळी 43. जिल्हाभर लोक तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात. 2019 ला तो 55 च्या पुढं गेला, 2021 ला 56 च्या पुढं. पण तो आकडा आमच्या नदीचा नाही. पंचगंगा ओसरत असताना दूधगंगा चढत असते असंही होतं, कारण काळम्मावाडीतून विसर्ग कधी वाढवला यावर आमचं सगळं अवलंबून. म्हणून मी बातमी ऐकतो आणि काम मात्र माझ्या खुणांवर करतो. जॅकवेलच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या रेघा आहेत. त्या रेघांवर पाणी तासाला किती सरकतं ते बघायचं. विसर्ग 10 हजार क्युसेक म्हटलं की लोकांना तो नुसता आकडा वाटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. म्हणजे 10 हजाराला सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी तुमच्या बोटीखालून चाललेलं असतं. त्यात ओढ्यांचं पाणी वेगळं, ते कुणी मोजत नाही.

बोट शिकलो ती सगळी अशाच पाण्यात, शांत पाण्यात शिकायची सोयच नव्हती. पहिली गोष्ट कळली ती वाऱ्याची. आमची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते आणि पावसाळी वाराही पश्चिमेचाच. धार आणि वारा दोघं एकाच बाजूला ढकलतात. खाली जाताना बोट अशी पळते की आपण फार चांगली चालवतोय असं वाटायला लागतं. परत फिरलात की कळतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. मशीन तेवढंच, पेट्रोल तेवढंच. पुढं बघावं तर तीच बाभळ मघापासून शेजारी उभी. म्हणून काम कुठंही असो, मी आधी धारेच्या वर जातो. काठाकाठानं, जिथं उसाच्या आडोशाला पाणी संथ आहे तिथून, वरच्या अंगाला बरंच लांब. मग तिरकं सोडायचं. मशीन बंद पडलं तरी पाणी आपल्याला घराकडंच आणणार, अशी सोय आधी करायची. फक्त पुलाच्या वरच्या अंगाला हे चालत नाही. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या पुलाच्या कमानीत पाणी कोंबलेलं असतं, ओंडके, पाचट, मेलेली जनावरं तिथं अडकून पडलेली. पुलाच्या वर काम असेल तर मी मशीन लावून जातच नाही; काठावरून दोर धरून माणसं असली तरच.

दुसरी गोष्ट कानाची. पाऊस कितीही असो, रेनकोटची टोपी कानावरून मागं टाकायची. बोटीत बसलेले ओरडतात, आण्णा भिजताय की. भिजणार, पण ऐकणार. बंधाऱ्यावरून पाणी पडतं त्याचा आवाज लांबवर येतो आणि तो आवाज येतोय तोवर बंधारा कुठं आहे ते कळतं. पाणी आणखी चढलं, खालची पातळी वर आली, की तो आवाज कमी कमी होत बंद होतो. नवख्या माणसाला वाटतं, चला, धोका टळला. बंधारा गेलेला नसतो, तिथंच असतो, आणि वरून सपाट दिसणारं पाणी त्याच्या खालच्या अंगाला उलटं फिरत असतं. त्यात सापडलेली वस्तू पुढं जात नाही, तिथल्या तिथं वर-खाली होत राहते. मी एकदा तिथं एक प्लास्टिकचं पिंप बघितलं. आम्ही गेलो तेव्हा ते गटांगळ्या खात होतं आणि काम उरकून दुपारी लांबून परत आलो तेव्हाही तिथंच होतं.

पण नदीचं हे सगळं म्हटलं तर सोपं. पात्रात पाणी खोल असतं, खाली काही नसतं, धार कुठं आहे ते दिसतं. खरी बोट चालवायची असते ती शेतात. पुरात आमची वाट नदीतून जातच नाही. ती जाते मळीवरून, उसातून, ओढ्यावरून, गावठाणाच्या कडेनं. म्हणजे पाण्याखाली शेताचे बांध, विहिरींचे कठडे, गोठ्यांचे पत्रे, काटेरी तारेची कुंपणं, विजेचे पोल. वरून बघावं तर एकसारखं तांबडं पाणी. तिथं मला बोटीचं शिक्षण उपयोगाला येत नाही. उपयोगाला येतं ते हे की, मी मे महिन्यात या बांधावरून चपला हातात घेऊन चाललोय.

पाणंद हा आमचा खरा जलमार्ग. बैलगाडी, ट्रॅक्टर जाऊन जाऊन ती दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खाली गेलेली असते, म्हणजे पाणी तिथं जास्त. दोन्ही बाजूंना उसाचे शेंडे असले की मधली मोकळी पट्टी दिसते. तिच्यात राहिलं की बांध लागत नाही, तार लागत नाही. पण पाणंद कुठं वळते, कुणी ती नांगरून निम्मी आपल्या रानात घेतलीय, कुठं मधेच मोरीची नळी घातलीय, कुठं वडाच्या फांद्या खाली आल्यात, हे माहीत पाहिजे. ऊस तुटून गेलेलं रान असेल तर शेंडेही नाहीत. मग आंब्याचं झाड, देवळाचा कळस, दूध संस्थेच्या इमारतीवरची टाकी यांच्यावर नजर ठेवून मनातल्या मनात पाय टाकायचे. इथं तात्यांचा बांध संपला, इथं डावीकडं विहीर, विहिरीचा कठडा दीड पुरुष खाली, जाऊ दे. बोट चालवताना मी तोंडानं पुटपुटत असतो, असं बरोबरची पोरं सांगतात. शेतमालकांची नावं घेत असतो म्हणे, कुठं कुठं शिव्यांसकट.

2021 च्या जुलैत, पुष्य नक्षत्राच्या त्या भयंकर पावसात, एका खासगी मोटारीच्या पॅनेलपेटीसाठी गेलो होतो. मोटार तर कधीच बुडाली होती. पेटी उंच लोखंडी घोडीवर होती आणि पाणी घोडीच्या निम्म्यावर. पाऊस आडवा. वाऱ्यानं उसाचे शेंडे पूर्वेकडं झोपलेले. बरोबर पुतण्या. पाणंदीतून चाललो होतो आणि मशीनचा आवाज एकदम जड झाला, मग घरघर, मग बंद. मला वाटलं तार. मशीन वर घेऊन बघितलं तर पंख्याला ठिबकच्या काळ्या नळ्यांचा गुंडाळा. कुणाच्या तरी रानातनं उपटून आलेल्या लॅटरल, शे-दोनशे फूट असतील, पाण्याखाली केस पसरल्यागत पसरलेल्या. पिनही तुटलेली. तोवर बोट धारेकडं सरकायला लागली.

नांगर नावाची वस्तू माझ्याकडं आहे, पण शेतात तिचा उपयोग होत नाही. चिखलात धरत नाही आणि धरला तर कुणाच्या पाइपलाइनला धरतो. पुतण्यानं पालथं पडून दोन्ही हातांनी उसाचे शेंडे पकडले. एकेका मुठीत चार-पाच वाढी. उसाचं पान धारेचं, त्याचे तळवे कापत होते, पण बोट थांबली. आडसाली ऊस मुळाला पक्का असतो, दोन मुठींवर चौदा फुटी बोट तोलून धरतो. मी मागं वाकून ऊस तोडायच्या कोयत्यानं एकेक नळी कापत होतो. ओली नळी कोयत्याखाली सरकते, लवकर तुटत नाही. पुतण्या ओरडायला लागला. बघितलं तर शेंड्यावरून लाल मुंग्यांचा गोळा त्याच्या मनगटावर उतरत होता. पुरात मुंग्या असे गोळे करून तरंगतात आणि जे पहिलं कोरडं मिळेल त्यावर चढतात. कोरडं असं त्या रानात त्याच्या बाहीचा आतला भागच काय तो असेल. म्हणालो, "सोडू नको." तो म्हणाला, "काका, तुमी कापा ओ, बोलू नका." नवी पिन बसवली, मशीन चालू झालं, तेव्हा त्यानं हात सोडले आणि कोपरापर्यंत पाण्यात घातले.

पेटी मिळाली. तिच्यात एक धामण आणि तीन विंचू होते. धामण आम्ही बांबूनं उसावर सोडली. विंचू पुतण्यानं कुठं सोडले ते मी विचारलं नाही.

विजेचं मात्र एक वेगळं भान ठेवावं लागतं. एरवी उसाच्या भरल्या ट्रॉलीवरूनही उंच वाटणारी तार पुरात माणसाच्या डोक्याशी येते. पाण्यानं खालून जमीन वर आणून ठेवलेली असते. फीडर बंद आहे असं कुणीतरी सांगतं. मी वायरमनला स्वतः फोन लावून विचारतो आणि तरीही तारेखालून जाताना बोटीत कुणाला उभं राहू देत नाही, बांबू आडवा ठेवायला लावतो. यात कुणाची गय नाही. वयानं मोठा असला तरी, "मामा, बसा खाली" असं दरडावून सांगतो. नंतर चहाच्या टपरीवर माफी मागायची असली तर मागतो.

मोटारींसाठी घेतलेली बोट माणसांसाठी कधी वापरायला लागलो हे सांगता येत नाही. आधी दूध आलं. पूर असला तरी म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत आणि गोकुळ दूध संघाचा टेम्पो पाण्यापलीकडच्या रस्त्यावर उभा. मग दूध संस्थेची कॅनं बोटीतून. 40 लिटरचं भरलेलं कॅन पंचेचाळीस किलोच्या आसपास जातं. दहा कॅनं म्हणजे सहा-सात माणसांचं वजन. पण कॅन फार गुणी. ते जिथं ठेवलं तिथं बसतं, एका बाजूला साप दिसला म्हणून उठून उभं राहत नाही, व्हिडिओ काढायला सगळी कॅनं एका कडेला सरकत नाहीत. मी कॅनं दहा घेतो आणि माणसं पाचच, ती एवढ्यासाठी.

माणसांना नाही म्हणणं हे या कामातलं सगळ्यात जड काम. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, 17 जणांचे जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती बातमी आली तेव्हा आमच्याकडंही पूरच होता. दुसऱ्या दिवशी मी काठावर गेलो तर लोक स्वतःहून म्हणाले, पाचच घ्या. तिसऱ्या दिवशी पाणी पायरीला लागलं तेव्हा तेच लोक म्हणाले, "एवढं एक घ्या की, काय होतंय."

एका बाईनं पोर पुढं केलं, सहा-सात महिन्यांचं, टॉवेलात गुंडाळलेलं. बोटीत पाच झाले होते. "मी मागनं येते, पोराला तेवढं न्या." मी म्हणालो, "वैनी, पोर एकटं नेत नाही. पुढच्या खेपेला दोघं या." ती रडली, मागचे माझ्यावर चिडले. एकानं मला दगडाच्या काळजाचा म्हटलं. पण पोर हातात घेऊन बसलेला परका माणूस बोट डुलली की दोन्ही हात पोराला देईल की कडेला धरेल, याचा भरवसा मला नाही. आईचा आहे. बोटीतल्या एका गड्याला मी खाली उतरवू शकलो असतो असं कुणी म्हणेल. त्यांतला एक डायलिसिसचा पेशंट होता, एक त्याचा मुलगा, आणि तीन म्हाताऱ्या. पुढच्या खेपेला ती आणि पोर आली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं ते अजून टाकलेलंच आहे. रस्त्यात भेटली की दुसरीकडं बघते. मी तरी दुसरं काय केलं असतं, मला आजही सुचत नाही.

जनावरांचं मी ठरवून टाकलंय. बोटीत जनावर नाही. मात्र म्हैस पोहते, माणसापेक्षा बरी पोहते. एका आजीनं म्हशीशिवाय यायला साफ नकार दिला तेव्हा दाव्याचं टोक तिच्याच हातात दिलं आणि म्हैस बोटीशेजारून पोहवत न्यायचं ठरलं. निम्म्या वाटेत म्हशीला तिचा नेहमीचा पाणवठा आठवला असावा, ती तिकडं वळली. आजी दावं सोडेना. 9.9 अश्वशक्तीची बोट शांतपणे म्हशीमागं चालली. "आज्जी, सोडा ओ!" "सोडती कशाला, पंचावन हजाराची हाय!" शेवटी मी मशीन संथ करून म्हशीला हवं तिकडं जाऊ दिलं, ती वळसा घेऊन जिथं चढली तो आम्ही ठरवलेल्या जागेपेक्षा सोपा उतार होता. त्या जागी मी नंतर बोट लावायला लागलो.

2019 ला जिल्ह्यात बाहेरून मोठी मदत आली. एनडीआरएफ, लष्कर, नौदल. आमच्यापेक्षा दहापट चांगल्या बोटी, शिस्त, दोर, सगळं. पाण्याची भीती त्यांना नव्हती. पण पाण्याखालचं गाव त्यांनी बघितलेलं नव्हतं. गावात शिरायचं म्हटलं की पुढं एक स्थानिक माणूस बसवावा लागायचा, जो हातानं दाखवणार, इकडं नको, इथं कुंपण, इथनं घ्या, इथं देवळाचा कट्टा. तो बहुतेक वेळा एखादा पाटकरी नाहीतर वायरमन नाहीतर दूध गोळा करणारा पोरगा असायचा, ज्याचं काम बारा महिने गल्लीबोळातून चालत फिरायचं. वर्दीतले धिप्पाड जवान त्याच्या बोटाकडं बघून बोट वळवताना मी बघितलेत. एरवी त्याच पोराला गावात कोण विचारतं?

म्हणून पुतण्याला मी मशीन शिकवायच्या आधी मेच्या उन्हात पाणंदीनं चालवत नेतो. त्याला पटत नाही. त्याचं म्हणणं, मोबाइलवर खुणा टाकून ठेवू, विहीर, पोल, तार, सगळं. टाकल्यात त्यानं. चांगल्या टाकल्यात. पण विजेची डीपी मागच्या वर्षी हलवली, एका भावकीनं वाटणी करून मधे नवं कुंपण घातलं, आणि रस्ता उंच करायच्या कामात भराव टाकल्यापासून मळीतलं पाणी आधी जिथून निघून जायचं तिथं आता तुंबतं. फुगवटा वेगळ्याच बाजूनं येतो. कृष्णेकाठचे लोक अलमट्टी धरणाच्या 519 मीटर पातळीवर तावातावानं बोलतात, ते त्यांचं खरं असेल. आमचा फुगवटा असल्या दोन-चार मीटरच्या भरावांत असतो आणि त्याच्यावर कुणी समिती नेमत नाही. खुणा दरवर्षी पुसून नव्यानं टाकाव्या लागतात, आणि त्यासाठी परत चालावंच लागतं. पुतण्या म्हणतो, मग ड्रोन घेऊया. त्याच्या तळव्यांवरचे उसाच्या पानाचे वण गेलेत, त्यामुळं असलं सुचतं.

पूर ओसरल्यावरचं काम कुणी फोटोत काढत नाही. बुडालेल्या मोटारी रिवाइंडिंगवाल्याच्या दारात रांगेनं पडतात. गाळ धुवायचा, वाळवायची, वाइंडिंग जळालेलं असेल तर तांबं बदलायचं, वॉर्निश. नंबर लागायला आठवडे. तोवर ऊन पडतं, आणि ज्याचा ऊस उभा आहे तो पाण्यासाठी तळमळतो. ज्याच्या उसाच्या पोंग्यात गाळ बसला त्याला पाणी नको असतं, त्याला लवकर तोड पाहिजे असते. शेंडा मेला की कांडीला डोळे फुटतात, वजन घटतं, उतारा घटतो. बुडीत उसाला आधी तोड मिळावी म्हणून कारखान्यावर चकरा सुरू होतात. पुरात माझ्या बोटीच्या काठाला धरून "आण्णा, आण्णा" करणारे निम्मे लोक त्या वेळी तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं असतात. मी बोट धुऊन, पंखा काढून, खोपीत पालथी घालतो.

मागच्या वर्षी संस्थेच्या वार्षिक सभेत बोटीच्या पेट्रोलचा विषय निघाला. पुरात संस्थेचं पॅनेल, लोकांच्या मोटारी, दूध, पेशंट, सगळं मिळून पेट्रोल बरंच जळलं होतं आणि ते माझ्या खिशातलं होतं. एका सभासदानं उभं राहून विचारलं, बोट खासगी आहे तर खर्च संस्थेनं का द्यायचा? दुसरा म्हणाला, मग बोटच संस्थेनं विकत घ्यावी. तिसरा म्हणाला, घेतली तर ती चालवायला माणूस ठेवावा लागेल, त्याचा पगार? चौथ्यानं विचारलं, वर्षातनं पंधरा दिवसच लागते, उरलेले साडेअकरा महिने भाड्यानं देता येईल का, रंकाळा तलावावर वगैरे? त्यावर बरीच चर्चा झाली. मग भडंग आणि चहा आला. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केल्याची नोंद इतिवृत्तात आहे, सूचक-अनुमोदकांच्या नावानिशी.